हाताने घडवायचं मातीकाम, नवशिक्यांचा वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या वर्गात चार बैठका असतात, प्रत्येकी अडीच तासांची. एका वेळी आठच जणांना घेतो, कारण मोठ्या टेबलाभोवती आठांचीच कोपरं मोकळी राहतात. नाव नोंदवण्याआधी, पहिल्या दिवशी आणि मग भट्टीची वाट पाहताना लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. वेळ कमी असेल तर वाळवण्याबद्दलचे प्रश्न तेवढे नक्की वाचा. वस्तू बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच.

मी कधी मातीला हात लावलेला नाही. चित्रकलाही बेताचीच. जमेल का?

जमेल. चित्र काढता येण्याशी याचा फार संबंध नाही. पुरणपोळीसाठी कणकेची पारी करताना अंगठा मध्ये ठेवून कडा फिरवत नेतो, ती हालचाल ज्यांच्या हातात आहे त्यांना पहिली वाटी अर्ध्या तासात होते. ज्यांच्या हातात नाही त्यांना तासभर लागतो, एवढाच फरक.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला मध्यम संत्र्याएवढा मातीचा गोळा मिळतो. तो डाव्या तळहातात धरायचा आणि उजव्या हाताचा अंगठा मधोमध खाली दाबत न्यायचा, तळाला बोटभर माती राहील इतकाच. मग आतून अंगठा, बाहेरून दोन बोटं, एक चिमूट दाबायची आणि गोळा थोडा फिरवायचा. पुन्हा चिमूट, पुन्हा फिरवणं. पाच-सहा फेऱ्यांनंतर जाडी बोटांना कळू लागते, डोळे मिटले तरी कळते. मी एकदा सगळ्यांना खरंच डोळे मिटायला सांगते. तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते, ती मला या वर्गातली सर्वांत आवडती गोष्ट आहे.

चाक नाही शिकवत?

नाही. चाकावर माती मध्यावर आणायलाच बऱ्याच जणांचे कित्येक आठवडे जातात आणि चार बैठकांत हातात काही येत नाही. हाताने घडवताना पहिल्याच दिवशी एक पूर्ण वस्तू उभी राहते.

पण हे काम चाकापेक्षा कमी दर्जाचं आहे असं कृपया समजू नका. आपले कुंभारसुद्धा माठ नुसता चाकावर करत नाहीत. चाकावर गळा आणि जाड अंग उतरवतात, मग आतून गोल दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत पोट फुगवतात. ज्या मडक्यावर नागपूरकरांची लांब रोटी भाजली जाते, त्याची गोलाई ही अशी ठोकून आलेली असते. हाताचं काम तिथेही संपलेलं नाही.

चार बैठकांत नेमकं काय होतं?

पहिल्या बैठकीत चिमटीची वाटी. दुसऱ्या बैठकीत वळ्यांचं भांडं: देवासाठी वाती वळतो तशा मातीच्या करंगळीएवढ्या वळ्या करायच्या, एकीवर एक रचायच्या आणि प्रत्येक वळी आतून खालच्या वळीत अंगठ्याने ओढून मिसळायची. बाहेरून वळ्या तशाच दिसू दिल्या तरी चालतात, आतून मात्र सांधा पूर्ण बुजलाच पाहिजे. तिसऱ्या बैठकीत मातीची पोळी लाटून तिच्यापासून ताटली किंवा कप. यासाठी मी पळसाची पानं आणून ठेवते. पळसाच्या पानाच्या शिरा मागच्या बाजूला चांगल्या उठलेल्या असतात. ती बाजू मातीवर ठेवून वरून एकदाच लाटणं फिरवलं की पत्रावळीचा एक तुकडा ताटलीत उतरल्यासारखा दिसतो. चौथी बैठक दोन-तीन आठवड्यांनी असते, भाजून आलेल्या वस्तूंवर झिलई, म्हणजे काचेसारखा थर, चढवायला.

माती कुठली वापरता? आमच्या शेतातली आणली तर?

वर्गात तयार स्टोनवेअर माती वापरतो, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी. तिच्यात भाजलेल्या मातीची भरड मिसळलेली असते. हाताला ती किंचित खरखरीत लागते, पण त्या भरडीमुळेच वाळताना आणि भाजताना ती ताण सहन करते.

शेतातली माती घेऊन येणारे दर वर्षी असतात आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. पण विदर्भातली काळी कापसाची माती एकटीने या कामाला चालत नाही. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगा आठवा, ज्यात हात आत जातो. ही माती बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातले कण पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेलं की तितकेच आक्रसतात. शेतात जे होतं तेच तुमच्या वाटीत होईल. दुसरी अडचण चुनखडीची. काळ्या मातीत चुन्याचे पांढरट खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. वस्तू बाहेर आल्यावर छान दिसते आणि चार-आठ दिवसांनी हवेतली ओल पिऊन तो खडा फुगतो, वरचा टवका उडतो. घरात शेल्फवर ठेवलेली वस्तू आपोआप टवकते तेव्हा लोकांना वाटतं कुणी पाडली. कुणी पाडलेली नसते.

कुंभार नदीची किंवा तळ्याची गाळाची माती निवडतात, चाळतात, भिजवतात, तीत राख, रेती, घोड्याची लीद मिसळतात. लीद जळून गेली की बारीक पोकळ जागा राहतात. तुमच्या मातीचा प्रयोग करायचाच असेल तर ओंजळभर आणा, खडे चाळून एक पट्टी करू आणि वेगळ्या बशीत ठेवून भाजू. मोठी वस्तू तिची करायची नाही.

शाडूची माती चालेल का? गणपती करता येईल का?

शाडू भाजायची माती नाही. ती मऊ, बारीक आणि मूर्तीला उत्तम, पण ती कच्चीच ठेवायची असते, म्हणूनच विसर्जनात विरघळते. भाजलेली मूर्ती पाण्यात कधीच विरघळत नाही. तेव्हा विसर्जनाचा गणपती हवा असेल तर तो शाडूचा करा आणि भाजू नका. घरात कायम ठेवायची छोटी मूर्ती हवी असेल तर आपल्या मातीची पोकळ करा. पोळ्याला मुलं मातीचे बैल करतात, त्यांनाही हाच नियम: पूजेपुरता असेल तर कच्चा, कायम ठेवायचा असेल तर पोट कोरून पोकळ.

शाडूची माती आणि आपली माती एका टेबलावर आणायची नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस तर वर्गात अजिबात नको. त्याचा एक दाणा मातीत गेला तरी चुन्यासारखाच टवका उडवतो.

माती तिंबायची कशाला? हवा राहिली की भट्टीत फुटते ना?

तिंबायची ती माती सगळीकडे सारखी ओली, सारखी मऊ व्हावी म्हणून. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल अशी माती वाकडीच वाळते. कणीक तिंबताना जसं तळहाताच्या टाचेने पुढे ढकलतो आणि दुमडून घेतो तसंच, फक्त दुमडताना खिशात हवा अडकू द्यायची नाही. पन्नास-साठ वेळा पुरेसं होतं.

हवेने वस्तू फुटते, हे मात्र खरं नाही. फुटते ती पाण्याने. वस्तू आतून ओलसर असताना भट्टी शंभर अंशांच्या पुढे गेली की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या हजारपटींहून जास्त जागा लागते आणि बाहेर पडायला वाट नसेल तर ती भिंत फोडते. पूर्ण वाळलेल्या मातीत हवेचा बुडबुडा राहिला तरी सहसा काही होत नाही.

भिंत किती जाड ठेवायची?

वाटी-कपाला सहा ते आठ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळीच्या अर्ध्या जाडीची. पोळी लाटताना दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवतो, लाटणं त्यांच्यावरून फिरतं, त्यामुळे जाडी आपोआप एकसारखी येते. आठ मिलिमीटर की सहा, यापेक्षा सगळीकडे सारखी आहे का, हे जास्त महत्त्वाचं. नवशिक्यांची वाटी बहुतेक वेळा काठाला कागदासारखी आणि तळाला विटेसारखी असते.

वाळायला किती दिवस लागतात?

या एका प्रश्नाचं उत्तर नागपुरात महिन्यागणिक बदलतं.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवेत ओल जवळजवळ नसते. अशा दुपारी उघडी ठेवलेली वाटी तासाभरात काठाला फिकी पडू लागते. तळ अजून थंड आणि ओला असतो. वाटी दोन दिवसांत खडखडीत वाळते, पण बहुधा तडा घेऊनच. पावसाळ्यात नेमकं उलटं: ऑगस्टच्या झडीत तीच वाटी आठ-दहा दिवस ओलसर राहते, आणि वाळली असं वाटूनही आतून वाळलेली नसते. सगळ्यांत सोपा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नवशिक्यांना मी याच महिन्यांत यायला सांगते.

उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरड्या घालायची आपल्याला सवय. वाळवण म्हटलं की ऊन हवं असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मातीला ऊन नको. तिला सावली, बंद हवा आणि वर पातळ प्लॅस्टिक हवं. उन्हाळ्यात आम्ही वस्तू थर्मोकोलच्या झाकणाच्या खोक्यात ठेवतो, तळाशी ओलं फडकं, वर लाकडी जाळी, जाळीवर वस्तू. पहिले दोन दिवस खोकं बंद, मग रोज थोडा वेळ झाकण सरकवायचं. कूलर वर्गात आहे, पण त्याचं तोंड मांडणीकडे नाही. कूलरची हवा दमट असली तरी झोत एकाच बाजूला लागतो, आणि ज्या बाजूला झोत लागतो ती बाजू आधी वाळते. पंख्याचंही तेच.

वाळली की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे. वस्तू गालाला लावायची. थंड लागली तर आत पाणी आहे, कारण पाणी उडताना गारवा देतं. खोलीच्या हवेइतकीच लागली तर वाळली.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं तरी काऊन तडकलं जी, मॅडम?

हा प्रश्न मला या शब्दांत एका काकांनी विचारला होता, हातात दोन भाग झालेली ताटली धरून. त्यांचा चेहरा असा होता की जणू काही त्यांच्याच हातांनी पाप केलं. मी इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण तडा गेला की माणूस लगेच आपल्या हातांना दोष देतो, आणि दहातल्या आठ वेळा दोष वाळण्याचा असतो.

मातीचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे चपटे असतात. दोन पत्त्यांमध्ये पाण्याचा पातळ थर. पाणी उडालं की पत्ते जवळ येतात, म्हणजेच माती आक्रसते. सगळी वस्तू एकदम आक्रसली तर काहीच बिघडत नाही, ती नुसती लहान होते. पण काठ आधी वाळला आणि तळ ओला राहिला, तर काठ लहान होऊ पाहतो आणि तळ त्याला होऊ देत नाही. ही ओढाताण जिथे सगळ्यांत जास्त, तिथे तडा.

म्हणून आधी तडा कुठे आहे ते बघा. काठावरून खाली उतरणारा तडा असेल तर काठ लवकर वाळला. पुढच्या वेळी काठावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ठेवा आणि तळ उघडा सोडा. ताटलीच्या मधोमध असेल तर ताटली फळीला चिकटून बसली आणि तिला सरकायला जागा मिळाली नाही. त्या काकांचं हेच झालं होतं. त्यांनी ताटली थेट सनमायक्याच्या पाटावर ठेवली होती. खाली वर्तमानपत्राचा कागद असता तर कागदासकट ती आत आत सरकली असती. पुढच्या आठवड्यात त्यांनी कागद घातला, दुसऱ्या दिवशी ताटली उलटी केली आणि ती अखंड वाळली. जोडाशी तडा असेल तर पुढचं उत्तर वाचा.

आणि कच्च्या, खडखडीत वाळलेल्या वस्तूचा तडा ओल्या मातीने बुजवायचा प्रयत्न करू नका. ओली माती वाळताना आक्रसते, वाळलेली आक्रसत नाही, तडा त्याच जागी परत उघडतो. अशी वस्तू पाण्यात टाका, दोन दिवसांत तिची पुन्हा माती होते. भाजण्याआधी काहीच वाया जात नाही, ही या मातीची मोठी मायाळू बाजू आहे.

कपाचा कान निखळतो. कसा जोडायचा?

कान जोडायची एक वेळ असते. माती ओलीही नाही, वाळलेलीही नाही. नख लावलं तर खूण उठते पण बोटाने दाबली तर वाकत नाही. सुरीने कापली तर काप स्वच्छ येतो. वर्गात आम्ही तिला वडीची वेळ म्हणतो, कारण नारळाची वडी थापल्यावर सुरी फिरवायची वेळ अगदी अशीच असते. लवकर फिरवली तर लगदा, उशीर झाला तर भुगा.

कप आणि कान दोन्ही वडीच्या वेळेला आले पाहिजेत. ओला कान वाळत्या कपाला लावला की कान जास्त आक्रसतो आणि सांध्याशी सुटतो. दोन्ही जागी काटा-चमच्याने उभे-आडवे चरे पाडा, वर त्याच मातीची लेई लावा, थोडा दाब देऊन हलकेच इकडे तिकडे हलवा, कडेने लेई बाहेर आली पाहिजे. मग सांध्याच्या घळीत मातीची एक बारीक दोरी भरून बोटाने मिसळा. नंतर आख्खा कप प्लॅस्टिकमध्ये एक रात्र. कान पातळ असतो, त्याला चारी बाजूंनी हवा लागते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून कप उघडा ठेवला तरी कानावर प्लॅस्टिकचा तुकडा राहू द्या.

वस्तू घरी नेऊन वाळवू का?

नको. कच्ची वाळलेली वस्तू बिस्किटाइतकी ठिसूळ असते, स्कूटरवरचा एक गतिरोधक पुरतो.

घरच्या ओव्हनमध्ये किंवा चुलीत भाजता येईल का?

ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो. तेवढ्यात माती फक्त वाळते, पाण्यात टाकली की परत चिखल. मातीची कायमची खापर व्हायला साधारण ६०० अंशांच्या पुढे जावं लागतं. कुंभाराचा आवा ७००-८०० अंशांपर्यंत जातो आणि त्यात साधी लाल माती छान भाजते, पण स्टोनवेअर कच्ची राहते. तिला विजेची भट्टी लागते: पहिली भाजणी १००० अंशांच्या आसपास, झिलईची दुसरी आमच्या मातीसाठी १२२० च्या जवळ.

भट्टीला इतके दिवस का लागतात?

भट्टी भरल्यावर पहिली रात्र ती शंभराच्या खालीच ठेवतो, झाकण किंचित उघडं, म्हणजे उरलीसुरली ओल निघून जाते. मग हळूहळू वर. ४५० ते ६०० अंशांदरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणीही निघून जातं. यानंतर ती वस्तू परत चिखल होऊ शकत नाही. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम थोडं फुगतं, आणि थंड होताना त्याच अंशाला आक्रसतं, म्हणून जाताना-येताना दोन्ही वेळा तिथे घाई चालत नाही. शिखर गाठून भट्टी बंद केली तरी ती थंड व्हायला आख्खा दिवस लागतो. शंभराच्या वर असताना झाकण उघडलं तर गार हवेच्या धक्क्याने झिलई आणि वस्तू दोन्ही तडकू शकतात. भट्टी भरेपर्यंत थांबणं हाही वेळाचा एक भाग आहे, अर्धी भट्टी लावणं परवडत नाही.

माझी वस्तू भट्टीत फुटली तर?

तसं झालं तर आम्ही तुम्हाला खरं कारण सांगू आणि पुन्हा करायला माती देऊ.

हे मी इतक्या ठासून का लिहिते ते सांगते. मी शिकत होते तेव्हा एका वर्गात प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. पावसाळा होता. वस्तू गालाला थंड लागत होत्या, तरी त्या भट्टीत रचल्या आणि एका दुपारीत तापमान चढवलं. संध्याकाळी आतून पाठोपाठ आवाज आले. भट्टी उघडली तेव्हा माझ्या वळ्यांच्या सुरईचा फक्त तळ जागेवर होता, आणि तिचे तुकडे शेजारच्या मुलीच्या वाटीत जाऊन पडले होते. आम्हाला सांगण्यात आलं की तुमच्या मातीत हवा राहिली, तुम्ही नीट तिंबली नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी प्रत्येक गोळा शंभर-दीडशे वेळा तिंबत असे, मनगट दुखेपर्यंत, आणि तरी भट्टी लागली की पोटात गोळा यायचा. खरं कारण ओल होतं हे मला फार उशिरा कळलं. आमच्या वर्गात ओलसर वस्तू भट्टीत जात नाही, कुणाच्या वाढदिवसाची भेट असली तरी नाही.

झिलईचे रंग बाटलीत दिसतात तसेच येतात का?

येत नाहीत. झिलई म्हणजे रंग नव्हे, ती कातळाची बारीक पूड आहे, जी भट्टीत वितळून काचेसारखा थर होते. निळी होणारी झिलई कच्ची असताना फिकट जांभळट असू शकते, तपकिरी होणारी विटकरी. म्हणून भाजलेल्या नमुन्यांच्या पट्ट्या भिंतीला टांगल्या आहेत, त्या बघूनच निवडा. वस्तू झिलईत तीन सेकंद बुडवायची, मोजून. आणि तळ ओल्या स्पंजने स्वच्छ पुसायचा, नाहीतर झिलई वितळून वस्तू भट्टीच्या फळीला कायमची चिकटते.

यात चहा पिता येईल? मायक्रोवेव्ह?

आतून झिलई नीट बसलेली आणि पूर्ण भाजलेली असेल तर चहा, वरण, दही सगळं चालेल. आम्ही शिशाची झिलई ठेवत नाही. झिलईवर बारीक भेगांचं जाळं आलेलं भांडं रोजच्या जेवणाला वापरू नका, भेगांत अन्न अडकतं. मायक्रोवेव्हमध्ये आधी पाणी न घालता तीस सेकंद ठेवा, सोबत पाण्याचा एक कप. भांडंच तापलं तर त्यात ओल मुरलेली आहे, वापरू नका. गॅसवर थेट ठेवू नका.

मी मोठा मग केला होता, परत आला तो लहान कसा?

आमची माती ओल्यापासून दुसऱ्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आक्रसते. दहा सेंटिमीटरचा मग हवा असेल तर साडेअकराचा करा.

काय घालून यावं? नखं, अंगठ्या, मेंदी?

जुने सुती कपडे, मोठी ओढणी नको. अंगठ्या काढून ठेवा, मातीत रेघा पडतात. नखं लांब असतील तर चिमटीची वाटी अवघड जाते. मेंदी चालते. थंडीत माती बर्फासारखी लागते, आम्ही कोमट पाणी ठेवतो.

मला दमा आहे. धुळीचा त्रास होईल का?

ओल्या मातीची धूळ नसते. त्रास वाळलेल्या मातीचा. तिच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. एका वर्गाने असं होत नाही, पण आम्ही रोज तिथे असतो. म्हणून वर्गात झाडू नाही. टेबल, फरशी, सगळं ओल्या फडक्याने पुसतो. वाळलेली वस्तू घासून गुळगुळीत करायची नाही, ते काम वडीच्या वेळी ओल्या स्पंजने करायचं. कपड्यांना लागलेली माती झटकू नका, घरी जाऊन भिजवा. दमा जास्त असेल तर मास्क लावून बसा आणि आधी सांगा, खिडकीजवळची जागा देऊ.

मुलं किंवा वयस्कर आई-बाबा येऊ शकतात का?

मुलं आठ वर्षांपासून पुढे, सोबत घरचं एक माणूस. वयस्करांना मनापासून बोलावते. संधिवात असेल तर चिमटीची वाटी न देता लाटून करायचं काम देते, कारण त्यात बोटांवर जोर कमी आणि तळहातावर जास्त येतो. आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या आज्यांची मातीची पोळी पट्ट्यांशिवायही एकसारखी येते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

हात सिंकमध्ये धुवू का?

आधी बादलीत. माती खाली बसते, वरचं पाणी ओततो, खालचा गाळ पुन्हा वापरतो.

घरी सराव करायला काय घ्यावं?

विकत फारसं काही नको. जुनं लाटणं, जुन्या धोतराचा किंवा जाड चादरीचा तुकडा, काटा-चमचा, झिजलेला स्टीलचा चमचा, खराब झालेला दातांचा ब्रश, माती कापायला दोन काड्यांना बांधलेला मासे पकडायचा नायलॉन दोरा. माती आमच्याकडून न्या, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, उन्हाळ्यात आत एक ओलं फडकं ठेवून. एक नियम पाळलात तर बरं: घरी पहिल्या दहा वाट्या वाळवूच नका. करा, मधोमध कापा, भिंतीची जाडी बघा आणि परत गोळा करा. कापलेली वाटी जेवढं सांगते तेवढं मी सांगू शकत नाही.

नागपुरात आणि जवळपास मातीकाम बघायला कुठे जावं?

गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी महालातल्या चितार ओळीत जा. तिथे मूर्तिकारांचे हात बघा, मूर्ती नंतर. ओलं फडकं कुठे टाकतात, कुठला भाग आधी उघडा सोडतात, ते टिपून ठेवा. वाळवण्याचा पाठ तिथे फुकट मिळतो.

सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचं आहे. त्याचं पुरातत्त्व दालन सावकाश बघा. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरीला महापाषाण काळातली, म्हणजे दफनाच्या जागी मोठे दगड रचत त्या काळातली, दगडांची वर्तुळं आहेत. विदर्भातल्या अशा वर्तुळांच्या उत्खननात काळी-लाल भांडी मिळाली: आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही, तिथे काळं होतं, बाहेर हवा लागते तिथे लाल, असं अभ्यासक सांगतात. एक दिवस मोकळा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला जा. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ तिथे आहे, मातीच्या कामासाठी ओळखला जाणारा.

वस्तू कधी न्यायच्या? भट्टी उघडताना येता येईल का?

जरूर या. झिलईच्या भाजणीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भट्टी उघडतो आणि नेमकी वेळ आदल्या दिवशी कळवतो. वस्तू तेव्हाही कोमट असतात, म्हणून पहिली दहा मिनिटं फक्त बघायचं. मग प्रत्येकाने आपली वस्तू उचलून तळ बोटाने चाचपायचा. झिलईचा टोकदार थेंब राहिला असेल तर तो दगडाने घासून देतो. येताना जुनी वर्तमानपत्रं आणि एक मजबूत कापडी पिशवी आणा.